मोफत वाचनाचा हिशेब : मुंबईची उपनगरे आणि मुक्त विद्वत्प्रकाशन

संशोधनपर लेखनाचे अर्थकारण इतर सर्व प्रकाशनव्यवसायांपेक्षा निराळे आहे, कारण त्यात लेखकाला मानधन मिळत नाही, लेखाची छाननी करणारे तज्ज्ञ बहुधा विनामूल्य काम करतात, संशोधनाचा खर्च सरकारी तिजोरीतून किंवा धर्मादाय निधीतून होतो आणि एवढे सगळे झाल्यावर तयार झालेला लेख वाचण्यासाठी त्याच संशोधकाच्या संस्थेला प्रकाशकाकडे वर्गणी भरावी लागते. विसाव्या शतकाच्या अखेरीस या वर्गण्या ग्रंथालयांच्या अंदाजपत्रकांना पेलेनाशा झाल्या आणि त्याच सुमारास इंटरनेटमुळे प्रत काढण्याचा व पोहोचवण्याचा खर्च नगण्य झाला. या दोन घटनांच्या संयोगातून जी चळवळ उभी राहिली तिला ओपन ॲक्सेस किंवा मुक्त प्रवेश म्हणतात. तिचा इतिहास सांगताना बुडापेस्ट, बर्लिन, बेथेस्डा ही नावे हमखास येतात. घाटकोपर, अंधेरी, मुलुंड ही नावे सहसा येत नाहीत. वास्तविक लेखकाकडून शुल्क न घेता आणि वाचकाकडून पैसे न मागता संशोधनपत्रिका चालवता येते की नाही, या प्रश्नाचे विकसनशील जगातील एक अतिशय लवकरचे आणि व्यापक उत्तर मुंबईच्या याच उपनगरांतून देण्यात आले होते.

डिसेंबर २००१ मध्ये बुडापेस्ट येथे भरलेल्या एका छोट्या बैठकीतून निघालेले निवेदन १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झाले आणि त्यात मुक्त प्रवेशाची व्याख्या प्रथमच नेमकेपणाने मांडली गेली. कोणालाही लेख वाचता, उतरवून घेता, वाटता, शोधता आणि यंत्राकरवी तपासता यावा, त्यासाठी पैशाची किंवा कायद्याची आडकाठी नसावी, लेखकाच्या हाती फक्त आपल्या लेखनाची अखंडता आणि श्रेय राखण्याचा अधिकार असावा, असा तिचा आशय होता. तेथे दोन मार्ग सुचवले गेले. पहिल्यात लेखक आपल्या लेखाची प्रत संस्थेच्या किंवा विषयाच्या रिपॉझिटरीत, म्हणजे सार्वजनिक डिजिटल संग्रहात, स्वतः ठेवतो आणि यालाच पुढे हरित मार्ग म्हणू लागले. दुसऱ्यात पत्रिकाच मुळातून मुक्त असते आणि त्याला सुवर्ण मार्ग हे नाव पडले. सुवर्ण मार्गावर खर्च भागवण्यासाठी अनेक प्रकाशकांनी लेखकाकडून प्रक्रिया-शुल्क घेण्याची पद्धत रूढ केली आणि ते शुल्क कुठवर जाऊ शकते याचे टोकाचे उदाहरण म्हणून ‘नेचर’ या पत्रिकेने २०२० च्या अखेरीस जाहीर केलेल्या ९,५०० युरोंचा, म्हणजे त्या वेळच्या दराने आठ लाख रुपयांहून अधिक रकमेचा, उल्लेख नेहमी होतो. लेखक आणि वाचक या दोघांकडूनही पैसे न घेणाऱ्या पत्रिकांना अलीकडे हिरा मार्गावरच्या पत्रिका म्हणतात. हे नाव रूढ होण्यापूर्वीच मुंबईत त्या प्रकारचे काम सुरू झालेले होते.

परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व के.ई.एम. रुग्णालयाच्या स्टाफ सोसायटीने १९५५ मध्ये ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ ही पत्रिका सुरू केली. अध्यापक-डॉक्टरांच्या सहकारातून चालणाऱ्या, छापील अंकांच्या शेकड्यांत मोजता येणाऱ्या वर्गणीदारांवर आणि थोड्या जाहिरातींवर तगणाऱ्या अशा पत्रिका त्या काळी देशभर होत्या आणि त्यांचे दुखणेही सारखेच होते. परदेशातील वाचकाच्या हाती अंक पडत नसे, त्यामुळे त्यातील लेखांचा संदर्भ कोणी देत नसे. संदर्भ कमी म्हणून चांगले लेखक आपले काम बाहेर पाठवत आणि चांगले लेख येत नाहीत म्हणून वाचक आणखी घटत. या चक्रातून बाहेर पडण्याचा मार्ग बालरोगतज्ज्ञ म्हणून शिक्षण घेतलेल्या डॉ. डी. के. साहू यांनी दाखवला. त्यांनी १९९७ मध्ये मेडनो ही प्रकाशनसंस्था मुंबईत उभी केली. आधी कुर्ल्यात आणि पुढे घाटकोपर पूर्वेच्या कनारा बिझनेस सेंटरमध्ये तिचे कार्यालय होते. नव्या शतकाच्या सुरुवातीला परळच्या या पत्रिकेचे अंक संकेतस्थळावर पूर्णपणे खुले झाले, टप्प्याटप्प्याने जुने अंकही चढवले गेले आणि लेख पाठवणे, परीक्षकाकडे धाडणे व त्याचा अभिप्राय लेखकाला कळवणे ही सारी कामे मेडनोने स्वतः घडवलेल्या ‘जर्नल ऑन वेब’ या प्रणालीवरून होऊ लागली. टपालाने तीन-तीन प्रती पाठवण्याची पद्धत ज्या काळात अनेक ठिकाणी चालू होती, त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती.

साहू यांच्या प्रयोगाचे खरे महत्त्व तंत्रात नसून हिशेबात होते. संकेतस्थळावर सारे काही फुकट दिले तर छापील अंक कोण घेणार, ही भीती प्रत्येक संपादक मंडळाच्या बैठकीत बोलून दाखवली जात होती आणि ती निराधार म्हणता येण्यासारखी नव्हती. मेडनोने लेखकाकडून शुल्क घेतले नाही, वाचकासाठी लेख खुला ठेवला आणि खर्चाचा भार छापील अंकाची वर्गणी, जाहिराती, पुनर्मुद्रित प्रतींची विक्री आणि वैद्यकीय संघटनांच्या सभासदशुल्कातून मिळणारा वाटा यांच्यावर टाकला. खुल्या आवृत्तीनंतर छापील वर्गणीदार घटण्याऐवजी वाढल्याचा अनुभव साहू यांनी वेळोवेळी मांडला. परळच्या पत्रिकेच्या बाबतीत मुक्त प्रवेशानंतर संदर्भोल्लेख कसे वाढले, याची मांडणी साहू, नित्या गोगटे आणि संदीप बावडेकर यांनी २००५ मध्ये शिकागो येथे तज्ज्ञ-परीक्षणावरील आंतरराष्ट्रीय परिषदेत केली. तज्ज्ञ-परीक्षण म्हणजे लेख छापण्यापूर्वी त्या विषयातील इतर अभ्यासकांकडून त्याची केली जाणारी तपासणी. एकाच पत्रिकेच्या आकड्यांवरून सर्वसाधारण निष्कर्ष काढण्याला मर्यादा आहेत हे खरे, कारण त्याच काळात शोधयंत्रेही सुधारत होती आणि एकूणच संदर्भ देण्याचे प्रमाण वाढत होते. तरीही ज्या संपादकांना केवळ तत्त्वासाठी पत्रिका खुली करणे परवडणारे नव्हते, त्यांना हा पुरावा पुरेसा वाटला आणि मानसशास्त्रापासून नेत्रविज्ञानापर्यंतच्या भारतीय संघटनांनी आपल्या पत्रिका घाटकोपरला सोपवल्या.

या कामाचा रोजचा तपशील फारसा लिहिला जात नाही आणि म्हणूनच तो येथे थोडा जवळून पाहणे आवश्यक आहे. स्वीकृत लेखाची वर्ड-फाइल आली की कॉपी एडिटर भाषा सुधारतो आणि लेखाच्या शेवटी दिलेला प्रत्येक संदर्भ पबमेड या अमेरिकी वैद्यकीय सूचीशी ताडून पाहतो. त्यानंतर मजकुराला एक्सएमएल या खुणाभाषेतल्या खुणा लावल्या जातात, म्हणजे लेखकाचे आडनाव, त्याचे नाव, वर्ष, खंड, पान हे सारे यंत्राला वेगवेगळे ओळखता येईल अशा चौकटींत बसवले जाते आणि मग त्या एकाच फाइलमधून संकेतस्थळाचे पान, पीडीएफ आणि सार्वजनिक संग्रहाला पाठवायची प्रत अशी तिन्ही रूपे निघतात. भारतीय नावे या चौकटींत सहज बसत नाहीत, कारण आडनाव न लावणारा तमिळ लेखक, मधल्या जागी वडिलांचे नाव लिहिणारा मराठी लेखक आणि लग्नानंतर दोन्ही आडनावे चालवणारी लेखिका या सर्वांना ‘आडनाव’ नावाचा एकच रकाना भरायचा असतो. तो चुकीचा भरला गेला की एकाच व्यक्तीचे लेख दोन नावांखाली विखुरतात. शेवटी प्रत्येक लेखाला डीओआय, म्हणजे लेखाचा पत्ता बदलला तरी न बदलणारा अंकीय ओळखक्रमांक, दिला जातो. जगातल्या कुठल्याही संदर्भसूचीत १०.४१०३ या अंकांनी सुरू होणारा डीओआय दिसला तर तो लेख मेडनोच्या नोंदणीखाली गेलेला आहे असे समजावे. संपादक मंडळातील मोठ्या नावांपेक्षा या खुणा अचूक लावणाऱ्या, रेल्वेने रोज येणाऱ्या-जाणाऱ्या पगारी माणसांवर मुक्त प्रवेशाची भिस्त अधिक होती, असे म्हटले तर ते अन्यायाचे होणार नाही.

ज्या छोट्या पत्रिकांना ही सोय झाली त्यांत ‘मेन्स सना मोनोग्राफ्स’चे उदाहरण विशेष आहे. डॉ. अजय सिंह आणि डॉ. शकुंतला सिंह या मनोविकारतज्ज्ञ व तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका असलेल्या संपादकद्वयाने २००३ मध्ये मुलुंडहून ती सुरू केली. मनोविकार, तत्त्वज्ञान, वैद्यकीय नीती आणि समाज यांच्या सीमारेषेवरचे दीर्घ निबंध छापणारी ही पत्रिका कुठल्याही विद्यापीठाच्या किंवा मोठ्या संघटनेच्या पाठबळावर उभी नव्हती. तरीही मेडनोच्या व्यवस्थेमुळे ती अमेरिकेच्या पबमेड सेंट्रल या खुल्या संग्रहात पोहोचली. वर्गणीच्या जगात मुलुंडमधल्या एका प्रतिष्ठानाची पत्रिका बोस्टनच्या किंवा नैरोबीच्या ग्रंथालयाने विकत घेतली असती, ही कल्पनाच अवास्तव आहे. तिच्याहून वेगळ्या वाटेने गेलेली पत्रिका म्हणजे ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’. मुंबईतील फोरम फॉर मेडिकल एथिक्स सोसायटीने १९९३ मध्ये ‘मेडिकल एथिक्स’ या नावाने ती सुरू केली, के.ई.एम. रुग्णालयातील मेंदूशल्यविशारद डॉ. सुनील पंड्या तिचे संस्थापक संपादक होते आणि वैद्यकीय व्यवसायातील गैरप्रकारांवर व्यवसायातूनच बोट ठेवण्याचे काम ती करत आली. या पत्रिकेने कुठल्याही व्यापारी प्रकाशकाच्या छत्राखाली न जाता देणग्या, अनुदाने आणि स्वयंसेवी श्रम यांच्या बळावर आपले अंक खुले ठेवले. पैशाची ओढाताण तिच्या वाट्याला अधिक आली असणार हे उघड आहे, परंतु तिच्या संकेतस्थळाची किल्ली तिच्याच हाती राहिली.

याच काळात उपनगरांच्या दुसऱ्या बाजूला, अंधेरी पश्चिमेच्या न्यू लिंक रोड परिसरात, विद्वत्प्रकाशनाचा आणखी एक व्यवसाय वाढत होता आणि त्याचा मुक्त प्रवेशाशी संबंध वरवर पाहता दिसत नाही. अनुराग गोयल आणि अभिषेक गोयल यांनी २००२ मध्ये स्थापन केलेल्या कॅक्टस कम्युनिकेशन्सने प्रामुख्याने जपानी संशोधकांच्या इंग्रजी लेखांची भाषा सुधारून देण्यापासून सुरुवात केली आणि पुढे एडिटेज या नावाने तीच सेवा पूर्व आशियात व इतरत्र पसरली. ज्या लेखकाची मातृभाषा इंग्रजी नाही त्याच्या लेखाची वाट भाषेपाशीच अडते, ही अडचण मुक्त प्रवेशाच्या जाहीरनाम्यांनी गृहीतच धरलेली नव्हती. वाचण्याचा दरवाजा उघडला म्हणून लिहिण्याचा दरवाजा आपोआप उघडत नाही आणि तो उघडून देण्याचे काम बाजाराने केले, तेही पैसे घेऊन. क्योटोच्या प्रयोगशाळेतील लेखाची विरामचिन्हे अंधेरीत दुरुस्त होत असताना त्याच अंधेरीतील मराठी माध्यमातून आलेला पदव्युत्तर विद्यार्थी तीच सेवा विकत घेऊ शकत नव्हता, ही विसंगती नोंदवण्याजोगी आहे.

मेडनोच्या कथेला २०११ मध्ये वळण लागले. नेदरलँड्सच्या वोल्टर्स क्लूवर या बहुराष्ट्रीय प्रकाशनसमूहाने ती विकत घेतली आणि पुढे अंधेरी पूर्वेला मरोळ येथे समूहाच्या भारतीय कार्यालयातून काम चालू लागले. या घटनेकडे केवळ स्वदेशी संस्था परक्याच्या हाती गेली एवढ्याच नजरेने पाहणे उथळ ठरेल, कारण शेकडो पत्रिकांचा डिजिटल भार उचलायला लागणारे भांडवल लहान कंपनीकडे नसते आणि संस्थापकाला आपल्या श्रमाचे मोल घेण्याचा अधिकार असतोच. परंतु लेखक व वाचक दोघांनाही मोफत असलेली व्यवस्था ज्या छापील वर्गणीवर उभी होती ती वर्गणी ओसरू लागल्यावर काय करायचे, हा प्रश्न नव्या मालकापुढे आला आणि त्याचे उत्तर अनेक पत्रिकांत लेखकशुल्काच्या रूपाने मिळाले. अलीकडच्या वर्षांत या पत्रिकांची स्वतंत्र संकेतस्थळे जाऊन त्या समूहाच्या सामाईक प्लॅटफॉर्मवर हलवण्यात आल्या. जुने दुवे निकामी झाले तरी डीओआयमुळे लेख सापडत राहिले, ही त्या न बदलणाऱ्या क्रमांकाची पुण्याई. येथे मेडनोच्या मूळ करारपद्धतीतील एक शहाणपण कामी आले. पत्रिकेचे नाव आणि मालकी संबंधित वैद्यकीय संघटनेकडेच राहत असल्याने असमाधानी संघटनेला प्रकाशक बदलता येत होता आणि त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेची पत्रिका सायंटिफिक स्कॉलरकडे, तर सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांची पत्रिका एल्सव्हियरकडे, अशी स्थलांतरे २०२१ च्या सुमारास झालीही. नाव आपले, पण अंकांचा साठा, लेखकांची यादी आणि परीक्षकांचा इतिहास मात्र दुसऱ्याच्या सर्व्हरवर, अशी स्थिती असेल तर बाहेर पडण्याचे स्वातंत्र्य कागदोपत्रीच उरते. मुक्त प्रवेशाच्या चर्चेत लेखाच्या परवान्यावर जितका खल झाला, त्याच्या दशांशानेही या साठ्याच्या मालकीवर झालेला नाही.

मुक्त प्रवेशाच्या प्रतिष्ठेला लागलेला धक्का याच मालिकेत येतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘सायन्स’ या पत्रिकेत जॉन बोहॅनन या पत्रकाराने एक चाचणी प्रसिद्ध केली. दगडफुलापासून काढलेल्या रेणूचा कर्करोगावर परिणाम होतो असे सांगणारा, ढोबळ चुकांनी भरलेला बनावट लेख त्याने ३०४ मुक्त पत्रिकांना पाठवला होता. तो १५७ पत्रिकांनी स्वीकारला आणि ९८ पत्रिकांनी नाकारला. ज्या पत्रिकेच्या स्वीकृतिपत्राने त्या वृत्तलेखाची सुरुवात होते ती ‘जर्नल ऑफ नॅचरल फार्मास्युटिकल्स’ मेडनोच्या अडीचशेहून अधिक पत्रिकांपैकी एक होती आणि त्यानंतर ती बंद करण्यात आली. चाचणीवर घेतलेला आक्षेपही विसरता येत नाही, कारण वर्गणीच्या पत्रिकांना तोच लेख पाठवलाच नव्हता आणि त्यामुळे दोष मुक्तपणाचा की एकूण तज्ज्ञ-परीक्षणाचा, हे त्यातून ठरत नव्हते. पण त्याचे खापर मुक्त प्रवेशावर फुटले.

भारताच्या बाबतीत ते फुटायला कारणही होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० पासून अध्यापकांच्या नेमणुका व बढत्या गुणांकांशी जोडल्या, पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असण्याची अट घातली आणि मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतील, आठवड्याला पंधरा-सोळा तास शिकवणाऱ्या आणि प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय यांची धड सोय नसलेल्या अध्यापकांनाही त्या अटीखाली आणले. मागणी अशी सक्तीने निर्माण झाली की पुरवठा करणारे उभे राहतातच. पैसे घेऊन परीक्षण न करता काहीही छापणाऱ्या अशा दुकानांना भक्षक पत्रिका म्हणतात आणि २०१५ मध्ये चेनयू शेन व बो-ख्रिस्तर ब्यॉर्क यांनी केलेल्या पाहणीत त्यांच्या प्रकाशकांत आणि लेखकांतही भारताचा वाटा सर्वांत मोठा आढळला. ही कीड मुक्त प्रवेशाने आणली असे म्हणणे म्हणजे रस्ता झाला म्हणून चोऱ्या वाढल्या असे म्हणण्यासारखे आहे. ती गुणांकाच्या आदेशांनी पोसली.

तिच्यावरचा उपाय शोधण्याचे काम महाराष्ट्रातच, पण पुण्यात झाले. आयोगाने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त पत्रिकांची प्रचंड यादी जाहीर केली होती. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर, श्रीधर गद्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या यादीतील विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातील १,००९ पत्रिका तपासल्या आणि त्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक पत्रिका निकृष्ट असू शकतात असा निष्कर्ष २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये मांडला. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ पत्रिका यादीतून काढल्या आणि पुढे केअर या नावाची नवी, अधिक काटेकोर यादी पुण्याच्या कक्षाच्या मदतीने २०१९ मध्ये आणली. पीएच.डी.पूर्वी निबंधाची सक्ती २०२२ मध्ये उठली आणि केअर यादीही २०२५ च्या फेब्रुवारीत बंद झाल्याचे आयोगाने कळवले. आता पत्रिकेचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर आहे. ही जबाबदारी प्रत्येक विद्यापीठ सारख्या काटेकोरपणे पार पाडील, असे मानायला आजवरच्या अनुभवाचा आधार नाही.

हरित मार्गाचा इतिहास भारतात अधिक सन्माननीय असला तरी अपुरा आहे. चेन्नईचे सुब्बय्या अरुणाचलम यांनी अनेक दशके या विषयाचा पाठपुरावा केला, २००४ मध्ये तेथे रिपॉझिटरी उभारण्याच्या प्रशिक्षण-कार्यशाळा घडवल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत टी. बी. राजशेखर यांनी देशातील आरंभीच्या संस्थात्मक रिपॉझिटऱ्यांपैकी एक उभी केली. मुंबईच्या उपनगरांत या मार्गाचे सर्वांत नैसर्गिक रूप गोरेगाव पूर्वेच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत दिसते. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये स्थापलेल्या या संस्थेची कार्यपत्रे, म्हणजे पत्रिकेत छापून येण्यापूर्वीचे चर्चेसाठीचे मसुदे, सर्वांना खुली असतात आणि अर्थशास्त्रात ती परंपराच असल्याने त्यासाठी कोणाला सक्ती करावी लागली नाही. भौतिकशास्त्रातही १९९१ पासूनच्या अर्काइव्ह या प्रीप्रिंट-संग्रहामुळे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांना हे नवीन नव्हते. जेथे अशी परंपरा नव्हती तेथे केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण जाहीर करूनही प्रती जमा करण्याचे प्रमाण तोकडेच राहिले, कारण न करणाऱ्याचे काहीच अडत नव्हते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या इंडियाअर्काइव्ह या भारतीय प्रीप्रिंट-संग्रहाची कहाणी साठ्याच्या मालकीच्या मुद्द्याला पुष्टी देते. तो ज्या अमेरिकी व्यवस्थेवर ठेवलेला होता तिने सेवेचे पैसे मागायला सुरुवात करताच, २०२० च्या आरंभी, त्याच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला.

या साऱ्याला बगल देऊन सरकारने निवडलेला मार्ग म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केलेल्या या योजनेत २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद आहे. ३० प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका ६,३०० हून अधिक सरकारी उच्चशिक्षण व संशोधन संस्थांना त्यातून मिळतात आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे तिचे संयोजन आहे. पवईच्या आयआयटीला अशा पत्रिका पूर्वीही मिळत होत्या. खरा लाभ झाला तो सरकारी महाविद्यालयांना आणि तो नाकारण्याचे कारण नाही. तथापि ही मुक्त प्रवेशाची योजना नव्हे, ती मोठ्या प्रमाणावर केलेली वर्गणीची खरेदी आहे. मुंबई उपनगर जिल्ह्याची शैक्षणिक रचना पाहिली तर तिची कुंपणे लगेच दिसतात, कारण बोरिवली, कांदिवली, मुलुंड येथील विनाअनुदानित महाविद्यालये, खासगी दवाखाना चालवणारे हजारो डॉक्टर, पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी, वकील, पत्रकार आणि स्वतंत्र अभ्यासक हे पहिल्या टप्प्यात त्या कुंपणाबाहेरच आहेत. घाटकोपरच्या बालरोगतज्ज्ञाला परळच्या पत्रिकेतला १९६० चा लेख आज फुकट वाचता येतो आणि युरोपातील पत्रिकेतला, भारतीय करदात्याच्या पैशातून झालेल्या संशोधनावरचा २०२५ चा लेख मात्र वाचता येत नाही. सहा हजार कोटींचा अगदी लहान अंश देशातील लेखकशुल्क न घेणाऱ्या पत्रिकांच्या सर्व्हरसाठी, कॉपी एडिटिंगसाठी आणि एक्सएमएलसाठी राखून ठेवला असता तर मेडनोने एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला खासगी बळावर केलेला प्रयोग सार्वजनिक मालकीत उभा राहिला असता. प्रकाशकांशी होणारे करार २०२७ ला संपतील तेव्हा हा मुद्दा वाटाघाटीच्या टेबलावर असावा, यासाठी आतापासून बोलणारे ग्रंथपाल व संपादक हवेत.

मराठीतील विद्वत्लेखनाचा प्रश्न मात्र या चौकटीत बसत नाही. तेथे वर्गणी अडसर नाही, तरीही दार बंद आहे. महाराष्ट्र राज्य मराठी विश्वकोश निर्मिती मंडळाने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यापासून उभे राहिलेले विश्वकोशाचे खंड संकेतस्थळावर खुले केले, विषयवार ज्ञानमंडळांकरवी नव्या नोंदी थेट तेथेच प्रसिद्ध होऊ लागल्या आणि राज्य मराठी विकास संस्था व साहित्य-संस्कृती मंडळ यांनीही दुर्मिळ व स्वतःची प्रकाशने मोफत उपलब्ध केली. संकल्पनेच्या दृष्टीने हा हिरा मार्गच आहे आणि त्याचे श्रेय शासनाला दिले पाहिजे. अडचण आहे ती विद्यापीठीय प्रबंध आणि लहान वैचारिक नियतकालिकांची. शोधगंगा या राष्ट्रीय प्रबंधसंग्रहात, २००९ च्या नियमानुसार जमा झालेले मराठी प्रबंध कोणालाही उघडता येतात, परंतु त्यांपैकी अनेक एकतर स्कॅन केलेली चित्रे आहेत किंवा युनिकोडपूर्व फॉन्टांत टंकलेले आहेत. त्या फॉन्टांत देवनागरीचा आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेला असे. ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी आणि मग ‘क’ अशा दिसण्याच्या क्रमाने टंकन होई, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘क’ आणि मग वेलांटी साठवली जाते. परिणामी डोळ्यांना शुद्ध मराठी दिसणाऱ्या पानातून एखादा शब्द शोधू गेले तर तो सापडत नाही आणि उतारा उचलून दुसरीकडे चिकटवला तर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. शोधयंत्राच्या लेखी असा प्रबंध अस्तित्वातच नसतो. तमाशा, बलुतेदारी किंवा मुंबईच्या गिरणगावावर कोणी काय लिहून ठेवले आहे हे नव्या संशोधकाला कळत नाही आणि तेच काम पुन्हा केले जाते.

यावर लागणारी साधने बहुतांशी तयार आहेत. फॉन्ट-परिवर्तके मिळतात, छापील देवनागरी ओळखणारी खुली संगणकप्रणाली मराठीसाठी चालते आणि जोडाक्षरांनी गच्च भरलेला संस्कृत-मराठी मजकूर नीट छापता यावा यासाठी पवईच्या आयआयटीतील विज्ञान व वारसा उपक्रमाने शोभिका हा देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली, कोणालाही वापरण्यास व बदलण्यास मोकळा, दिलेला आहे. नाही ती जुन्या अंकांच्या मालकीची स्पष्टता. बंद पडलेल्या अनेक मराठी नियतकालिकांचे स्वामित्वहक्क संपादकाकडे, न्यासाकडे की प्रत्येक लेखकाच्या वारसांकडे, याची नोंदच ठेवली गेली नाही आणि भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकत असल्याने १९६०-७० च्या दशकांतील वैचारिक लेखन आणखी बराच काळ या अनिश्चिततेत अडकून राहणार आहे. चालू असलेल्या नियतकालिकांना मात्र तेवढे थांबण्याचे कारण नाही. पुढच्या अंकापासून लेख युनिकोडमध्ये ठेवणे, प्रत्येक लेखावर क्रिएटिव्ह कॉमन्ससारख्या खुल्या परवान्याची एक ओळ छापणे आणि अंकाची एक प्रत स्वतःच्या संकेतस्थळाव्यतिरिक्त एखाद्या सार्वजनिक संग्रहात जमा करणे, एवढ्यासाठी ना परदेशी प्रकाशक लागतो ना लेखकशुल्क. लागतो तो डीटीपी करणाऱ्याशी एकदा नीट बोलण्याइतका वेळ आणि संपादक मंडळाचा एक ठराव.